नोकरी सोडण्याआधी धंदा उभा करा

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय बियाण्याचा नाही, खताचा नाही, की बोंडअळीचाही नाही. तरी तो तुमच्या घरचाच आहे. अमरावती-अकोल्याकडची कितीतरी पोरं आज पुण्याकडे कंपन्यांत कामाला आहेत. कोणी चाकणला मशीनवर, कोणी हिंजवडीला कॉम्प्युटरवर. दिवाळीला पोरगा घरी येतो, दोन दिवस गप्प राहतो आणि तिसऱ्या दिवशी म्हणतो, "बाबा, मी नोकरी सोडतो. गावात दालमिल टाकतो." मायच्या पोटात गोळा येतो. बाप म्हणतो, लोकं वावर सोडून नोकरी धुंडतात आन् हा नोकरी सोडून वावरात येतो.

बाप पोराला घेऊन आमच्या तालुका कार्यालयात येतो. बापाला वाटतं, साहेबानं पोराला समजावून परत पाठवावं. पोराला वाटतं, साहेबानं अनुदानाचा फॉर्म द्यावा. या दोघांनाही आधी कागद-पेन घेऊन बसवावं लागतं. नोकरी सोडणं चांगलं की वाईट, असा हा प्रश्न नाही. ती केव्हा सोडायची आणि सोडण्याआधी काय उभं असलं पाहिजे, हा प्रश्न आहे. आज तेवढंच सांगतो.

किर्लोस्करांनी काय केलं?

लोखंडी नांगर तुमच्यापैकी पुष्कळांच्या आजोबांनी वापरला असेल. तो नांगर आपल्याकडे बनवून शेतकऱ्यापर्यंत नेणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे नोकरदार. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली. लक्ष्मणरावांनी १८९७ च्या सुमारास नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

लोक ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात. अपमान झाला, राजीनामा फेकला, पुढे मोठा कारखानदार झाला. पोरांनाही ती इतकीच ठाऊक असते. पण त्याच्या आधीचा भाग आपल्या कामाचा आहे. बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान आधीपासून चालू होतं. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात त्या दुकानापासून, म्हणजे १८८८ पासून मानतात. लक्ष्मणराव मुंबईत नोकरीवर असताना सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवत. तिथं त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकत. सायकल चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये घेत, तेही धंद्यातच धरत. म्हणजे भावाच्या हाताखाली दुकान काही वर्षं चालून गेल्यावर मग मुंबईचा पगार सुटला. राग आला हे खरं, पण पाय ठेवायला जागा आधी तयार होती.

दुसरी गोष्ट नांगराची. बेळगावला आल्यावर त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. तरी दोन वर्षं त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी लोकांची समजूत होती. विचार करा, माल तयार आहे, कामगाराला मजुरी द्यायची आहे आणि दोन वर्षं नांगर विकत नाही. त्या काळात हाती दुसरं उत्पन्न नसतं तर तो कारखाना तिथंच बंद पडला असता.

तिसरी गोष्ट जागेची. कारखाना जरा चालू लागला तेव्हा बेळगावच्या नगरपालिकेला नवी वस्ती वसवण्यासाठी ती जागा हवी झाली. उठावं लागलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, बिनव्याजी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या पोराला असा राजा भेटेल हे धरून चालू नका.

या तीन गोष्टींतून तीन प्रश्न निघतात. पोरगा नोकरीवर असताना गावात धंदा बघणारा रामूअण्णा कोण? गिऱ्हाईक नसताना दोन वर्षं घर कशावर चालेल? आणि जागेचा कागद कोणाच्या नावाचा आहे? तिन्हींची उत्तरं असतील तर पुढचं बोलू.

पगाराचा खरा हिशेब

पगार सोडला म्हणजे नेमके किती रुपये सोडले, हे पुष्कळ घरांत कोणी मांडलेलंच नसतं. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, तुम्ही आपले घाला.

समजा, मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका मुलाच्या हाती महिन्याला २६,००० रुपये येतात. त्यातून खोलीभाडं ४,५०० जातं, जेवणखाण ५,०००, जाणं-येणं, फोन, कपडे मिळून ४,५००. घरी ९,००० पाठवतो. शिल्लक ३,००० राहते. गावी आला की खोली सुटली, खानावळ सुटली. पण घरी पाठवायचे ९,००० सुटत नाहीत. त्यावर भावाची फी, आजीचं औषध, किराणा चालू असतो. शिल्लक ३,००० हवीच. त्याचा घरचा जेवणखर्च २,००० धरा, पेट्रोल-फोन ३,००० धरा आणि कंपनीचा दवाखान्याचा आधार गेला म्हणून विम्याचे १,००० धरा. बेरीज झाली १८,०००. वर्षाचे २,१६,००० रुपये. धंद्यानं सगळा खर्च आणि बँकेचा हप्ता जाऊन एवढे दिले पाहिजेत. त्याहून कमी दिले तर घर मागं येईल.

आणखी एक गोष्ट. कंपनी प्रॉव्हिडंट फंडात स्वतःचा हिस्सा भरते, तो दिसत नाही पण असतो. तोही बंद होईल.

दालमिल परवडेल का?

तूर आपली, डाळ मात्र पुडीतली विकत घ्यायची, हे पोरांना खटकतं आणि ते बरोबर आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं छोट्या उद्योगासाठी पीकेव्ही मिनी दालमिल तयार केली आहे. ती गावात बसते, दोन-तीन माणसांत चालते. पण तुरीची डाळ करणं हे पिठाच्या गिरणीसारखं दाणे टाकले आणि पीठ आलं असं काम नाही. तूर चाळून लहान-मोठा दाणा वेगळा करायचा, दाण्याला ओरखडे पाडायचे, तेल चोळून ठेवायचं, पाण्याचा हात देऊन उन्हात वाळवायचं, मग भरडायचं. ऊन नसेल तर साल सुटत नाही. तूर घरी येते जानेवारीत. पावसाळा लागला की वाळवण बंद. म्हणजे खरं काम फेब्रुवारी ते मे, फार तर ११० दिवस.

आता हिशेब करू. पुन्हा सांगतो, दर तुमच्या भागातले घाला. दिवसाला सहा क्विंटल तूर भरडली आणि क्विंटलला ५०० रुपये भरडाई मिळाली तर दिवसाचे ३,००० झाले. वीज आणि तेल ७००, दोन मजूर प्रत्येकी ४००, म्हणजे १,५०० खर्च. उरले १,५००. अशा ११० दिवसांचे १,६५,०००. रोलर, पट्टे, दुरुस्ती १५,००० वजा केले, राहिले १,५०,०००. बँकेचा हप्ता महिन्याला ५,००० असेल तर वर्षाचे ६०,००० गेले. हाती ९०,००० राहिले. घराला हवेत २,१६,०००. तूट १,२६,००० रुपयांची.

आणि यात सर्वात मोठा प्रश्न अजून विचारलाच नाही. रोज सहा क्विंटल म्हणजे हंगामात ६६० क्विंटल तूर. एक घर खाण्यापुरती दोन क्विंटल भरडून नेतं असं धरलं तरी ३३० घरं तुमच्या दारात आली पाहिजेत. तुमच्या गावात घरं किती? शेजारच्या गावात आधीच दालमिल आहे का? आपल्याकडे बहुतेक तूर सबंधच बाजार समितीत जाते, हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा यंत्राचं कोटेशन आणण्याआधी पोरानं एका सुटीत चार गावं फिरून किती घरं तूर घालतील याची नावानिशी यादी करावी. यंत्र विकणारा ती यादी करून देणार नाही.

मग दालमिल टाकूच नये का? टाकावी, पण एकट्या दालमिलवर नोकरी सोडू नये. तूट भरून काढायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, आपली डाळ करून विकणं. इथं भाव ठरवताना घाई होते. समजा तूर ७,००० रुपये क्विंटलनं घेतली. भरडाईचा खर्च ५००, पिशव्या आणि वाहतूक ३००. झाले ७,८००. चुनी आणि टरफल ढोरांच्या खाद्याला विकून ४०० आले, राहिले ७,४००. क्विंटलभर तुरीतून साधारण ७० किलो डाळ धरली तर एक किलो डाळ घरातच १०६ रुपयांना पडली. याच्या खाली विकली तर तोटा. ओळखीच्याला शंभरात दिली तर दर किलोला सहा रुपये खिशातून गेले. आणि तूर रोख घ्यावी लागते, डाळ उधार जाते. त्यामुळे दोन महिन्यांचं खेळतं भांडवल वेगळं ठेवा, यंत्राच्या कर्जातून ते निघत नाही.

दुसरा मार्ग, बारा महिन्यांचं काम जुळवणं. मे महिन्यात सोयाबीनचं घरचं बियाणं चाळून, प्रतवारी करून देणं आणि त्याची उगवण तपासून देणं. जूनमध्ये रुंद वरंबा सरी पेरणी यंत्र भाड्यानं चालवणं. ऑक्टोबरला सोयाबीनची मळणी. जोडीला वर्षभर चालणारी पिठाची आणि मिरची-हळद कांडायची गिरणी. एका यंत्रावर सगळं घर टांगू नका. आपण वावरात पऱ्हाटी-सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी पेरतो त्या कशासाठी? एक पीक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणूनच ना?

पहिला हंगाम नोकरीवर असतानाच

माझा सल्ला असा की पहिला हंगाम पोरानं नोकरी न सोडता काढावा. घरचा भाऊ, वहिनी, बाप, नाहीतर गावातला महिला बचत गट यांनी धंदा चालवावा. पोरगा सुटीत येईल, रोज रात्री फोनवर हिशेब घेईल, शहरात दहा-वीस घरांना डाळ देऊन पाहील. कंपनीत बरोबर काम करणारी माणसंच पहिली गिऱ्हाइकं होतील.

मात्र जो माणूस राबतो त्याची मजुरी वहीत लिहा. पुष्कळ घरांत धंदा नफ्यात दिसतो, कारण सुनेची आणि बापाची मजुरी कोणी धरलेलीच नसते. दिवसभर डाळ वाळवणारी बाई फुकटची नाही. बाहेरचा मजूर लावला असता तर जे द्यावं लागलं असतं तेवढं वहीत मांडा. मग जो उरेल तो नफा.

या वहीत तीन रकाने पुरे. आज काय आलं, आज काय गेलं, कोणाकडे किती बाकी. बाकीचा रकाना दर आठवड्याला मोठ्यानं वाचा. गावात नाही म्हणायला जड जातं, हे मला कळतं. पण बाकी दोन आठवड्यांच्या भरडाईपुढं गेली की धंदा तुमचा राहत नाही, गावाचा होतो.

हंगाम संपला की वही उघडा. खर्च आणि हप्ता जाऊन घराच्या गरजेच्या निम्मे पैसे आले आणि उरलेल्या निम्म्याचं काम डोळ्यांपुढं दिसत असेल तर नोकरी सोडण्याचा विचार करावा. नाही आले तर यंत्र विकता येतं, पगार अजून चालू आहे आणि पोरगा काहीतरी शिकला आहे. यात कोणाचं नाक कापलं गेलं नाही.

कर्ज आणि अनुदान

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान ठेवलं. स्वतःचा निदान १० टक्के हिस्सा घालावा लागतो आणि बाकी बँकेचं कर्ज. लक्षात घ्या, हे अनुदान रोख हाती पडत नाही. ते बँकेत कर्जखात्याशी जोडून तीन वर्षं राहतं, आणि खातं नीट चाललं असेल तरच कर्जात वळतं होतं. म्हणून हप्त्याचा हिशेब अनुदान मिळालंच असं धरून करू नका. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात. अर्ज करण्याआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात येऊन त्या दिवशीची माहिती घ्या. दलालाला पैसे देऊ नका. उद्यम नोंदणीलाही शुल्क लागत नाही.

पीककर्जाचा पैसा धंद्यात घालू नका. तो मुदतीत भरला तर व्याजात सवलत मिळते, थकला तर सवलतही जाते आणि पुढच्या वर्षी पेरणीला कर्जही मिळत नाही. सातबारावर बोजा चढवून यंत्र घेण्याआधी सगळ्या हिस्सेदारांना एकत्र बसवा. यंत्र जुनं होतं, विकलं जातं. वावर एकदा गेलं की येत नाही, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको.

जागा भाड्याची असेल तर लेखी करार करा. भावकीची असेल तरीही करा. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर दालमिल चालवता येत नाही, महावितरणकडून उद्योगाची वेगळी जोडणी घ्यावी लागते. तिचा स्थिर आकार यंत्र बंद असलेल्या महिन्यांतही भरावा लागतो. तोही वहीत धरा.

राजीनामा देण्याआधी

एक, नोकरीला किती वर्षं झाली ते बघा. कायम कामगाराला सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन मिळतं, महिन्याचे दिवस २६ धरून. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल तर पाच वर्षांचे ४३,००० च्या वर होतात. चार वर्षं सात महिने झाली असतील तर पाच महिने थांबा. एवढ्यात दोन मजुरांची हंगामातली निम्मी मजुरी निघते.

दोन, प्रॉव्हिडंट फंडासोबत पेन्शनचा हिस्सा असतो. त्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. दहा झाली नसतील तरी पैसा लगेच काढण्याची घाई करू नका. स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवलं तर झालेली वर्षं पुढच्या नोकरीत मोजली जातात. फंडाची रक्कम म्हातारपणाची आहे, यंत्राची नाही.

तीन, भांडून निघू नका. नोटिशीचे दिवस भरा, अनुभवाचा दाखला आणि सोडल्याचं पत्र घ्या. उद्या परत जावं लागलं तर तेच कामी येतं.

चार, घरातल्या बाईमाणसाचं मत घ्या. लग्न झालेलं असेल तर बायकोचं आधी. पगार एक तारखेला येतो, धंद्याला एक तारीख नसते. त्या तारखेवर घर चालवते ती. लग्न व्हायचं असेल तर तेही उघड बोला. आजकाल सोयरीक जुळवताना पोरीकडचे आधी नोकरी विचारतात, हे खोटं नाही. अशा वेळी "पोरगा घरीच असतो" असं सांगण्यापेक्षा हंगामाची वही पुढं ठेवता आली तर बोलणं वेगळं होतं.

शिक्षण कुठं मिळेल?

डाळ करणं यंत्र घेतल्यावर शिकू, असं म्हणू नका. अकोल्याला कृषी विद्यापीठात जा, दालमिल चालताना बघा. अमरावती जिल्ह्यात दुर्गापूर (बडनेरा) आणि घातखेड इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, अकोल्यालाही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत प्रशिक्षण मिळतं. आणि या सगळ्यांपेक्षा मोठी शाळा म्हणजे चालत असलेली दालमिल. दूरच्या तालुक्यातल्या दालमिलवर आठ दिवस मजूर म्हणून काम करा. जवळच्या मालकाला तुम्ही प्रतिस्पर्धी दिसाल, दूरचा मोकळेपणानं सांगेल.

बापांना शेवटी एक सांगतो. पोरगा परत येतो म्हणजे हरून येतो असं समजू नका. गावात आज यंत्र दुरुस्त करणारा, माल साफ करून विकणारा, हिशेब ठेवणारा माणूस हवा आहे, आणि कंपनीत पोरगा तेच शिकला आहे. पोरांना सांगतो, बाप आडवा येतो म्हणून चिडू नका. त्यानं दोन दुष्काळ पाहिले आहेत, म्हणून तो महिन्याच्या पगाराची किंमत तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. दोघांनी एका वहीवर बसावं. वही काय म्हणते ते दोघांनीही ऐकावं.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. वर्षाला घराला किती रुपये लागतात, तो आकडा आधी काढा.
२. गिऱ्हाइकांची नावानिशी यादी करा, मग यंत्राचं कोटेशन आणा.
३. पहिला हंगाम नोकरी न सोडता काढा. घरच्याची मजुरी वहीत धरा.
४. बारा महिन्यांचं काम जुळवा.
५. पीककर्ज आणि फंड धंद्यात घालू नका. अनुदान धरून हिशेब करू नका.
६. जागा, वीज आणि परवानगी यांचे कागद आधी करा.
७. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं मोजूनच राजीनाम्याची तारीख ठरवा.

हे पत्रक घरात जपून ठेवा आणि पुण्याला असलेल्या पोरालाही वाचून दाखवा. काही अडलं तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात या. येताना आपली वही घेऊन या.

नमस्कार.